उजवीकडचं काळीज

"हात ठेव इथं," दादा म्हणाला. "इथं नाही, जरा अलीकडं. हां. लागतंय?"

कुत्र्याचं पिल्लू त्याच्या मांडीवर उताणं पडलं होतं. मी तळहात त्याच्या छातीवर ठेवला. एवढीशी छाती, माझ्या हातात मावत होती. बोटांखाली काहीतरी सारखं थरथरत होतं. ती धडधड नव्हती, धडधडण्यात मध्ये क्षणभर थांबणं असतं. हे अजिबात न थांबता चाललेलं होतं. मांजर घुरघुरताना पाठीवर हात ठेवला की लागतं, काहीसं तसं.

"लूम चालू आहे आत," दादा म्हणाला आणि मोठ्यानं हसला. "जोरदार आहे लेकाचा."

आम्ही भिवंडीत दोन खोल्यांत राहायचो, आई, दादा आणि मी. मागची भिंत कारखान्याची. आमच्याकडे कारखाना म्हणजे कापड विणणाऱ्या लूमचाच. सकाळपासून भिंत हलायची, फळीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणायचे. पाहुणे आले की म्हणायचे, तुम्ही झोपता तरी कसे? आम्हाला उलट शुक्रवारी, लूमला सुट्टी असली की, चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

वडील गेले तेव्हा दादाची मॅट्रिक राहिली ती राहिलीच. तो त्याच कारखान्यात लागला. आधी धोट्यांत सूत भरायचा, मग हळूहळू जॉबर झाला. बिघडलेला लूम चालू करून द्यायचं काम. मी मात्र डी.एड. झाले, शाळेत लागले. दादाचे कान लहानपणापासून वाहायचे. त्यात बारा बारा तासांची शिफ्ट. तिशी येईपर्यंत त्याला जवळजवळ काहीच ऐकू येईनासं झालं होतं. तोंडाकडे बघून तो अर्धं समजून घ्यायचा, उरलेलं आम्ही ओरडून सांगायचो. स्वतःचा आवाज किती मोठा होतोय हेही त्याला कळायचं नाही. आमच्या घरातलं सगळं गल्लीला माहीत असायचं ते त्यामुळे.

पिल्लू आलं त्याच्या थोडं आधी दादाला एक स्थळ आलं होतं. कोन गावचे लोक, मुलगी शिवणकाम करणारी. मुलीच्या मामानं विचारलं, "शिफ्ट कुठली असते?" दादाला वाटलं, जेवणाचं विचारतायत. तो म्हणाला, "आमच्याकडे सगळं चालतं." मामांनी पुन्हा विचारलं. दादानं पुन्हा तेच, आणखी मोठ्यानं सांगितलं. मुलगी खाली मान घालून हसली. वाईट मनानं नसेल हसली, पण दादानं ते पाहिलं. त्यानंतर आई स्थळाचा विषय काढायला लागली की तो उठून बाहेर जायचा.

त्याच दिवसांत कारखान्याच्या कामासाठी तो जवळच्या राहनाळला गेला होता. तिथल्या एका गोडाऊनमध्ये सूत यायचं. गोडाऊनच्या मागे कुत्री व्यायली होती. चार पिल्लं टेम्पोच्या चाकांखालून धावत होती आणि पाचवं पोत्याला टेकून बसलं होतं. तांबूस रंगाचं, छातीवर पांढरा डाग. तिथला म्हातारा रखवालदार म्हणाला, "ह्यो न्हाय जगायचा. दूध पितांना पण दमतो." हे दादाला ऐकू आलं नाही. म्हाताऱ्यानं मग हातवारे करून सांगितलं. दादानं पिल्लू उचललं आणि शर्टाच्या आत घालून घरी आणलं.

आईनं दारातच अडवलं. "माणसांना जागा नाही नि हे कुठं?"

"काय?" दादानं विचारलं.

"जागा! जागा नाही म्हणतेय!"

"माझ्याजवळ झोपेल," दादा म्हणाला.

आणि तसंच झालं. दादा उताणा झोपायचा आणि पिल्लू त्याच्या छातीवर. मी एकदा आईला म्हणाले, "उठव त्याला, दादाला श्वास घ्यायला जड जात असेल." आई म्हणाली, "राहू दे. किती दिवसांनी शांत झोपलाय तो." म्हणजे तिची परवानगी झाली होती.

पिल्लाचं नाव दादानं ठेवलं. ते मी इथं लिहीत नाही, ते त्याच्याच तोंडी शोभायचं. शिफ्ट सुटली की गल्लीच्या टोकापासून तो हाक मारायचा. त्याच्या त्या हाकेनं लोक खिडकीतून डोकावायचे. आणि पिल्लू उंबऱ्यापर्यंत जायचं, तिथं बसायचं आणि शेपूट हलवत त्याची वाट बघायचं. समोर धावत कधी गेलं नाही. आम्हाला वाटायचं, किती शहाणं आहे, घर सोडून जात नाही.

कारखान्याचे मालक कारखान्याला लागूनच, आमच्या मागे बुटक्या भिंतीपलीकडे राहायचे. कोकणी मुसलमान कुटुंब, पिढ्यान्‌पिढ्या भिवंडीतलं. त्यांना आम्ही चाचा-चाची म्हणायचो. चौऱ्याऐंशीच्या दंग्यानंतरच्या वर्षांत आमच्या गल्लीत दारं लवकर लागायला लागली होती. चाची आणि आई पूर्वी मागच्या बाजूला तासन्‌तास बोलायच्या, ते कमी होऊन "बरंय ना?" एवढ्यावर आलं होतं. भांडण नव्हतं. पण काय बोलावं हे दोघींनाही सुचत नसावं. पिल्लू आलं आणि विषय मिळाला. चाची नमाजी, कुत्र्याला शिवायची नाही. पण भिंतीपलीकडून विचारायची, "काय गो बेटी, खाल्लान का आज त्यानं?" खाल्लं नाही म्हटलं की दुपारी मटणाच्या पाण्याचा वाडगा भिंतीवर यायचा. आमच्या घरात मांसमच्छी शिजायची नाही. आई तो वाडगा पदरानं धरून आत आणायची आणि पिल्लासमोर ठेवून लांब बसायची. "पी बाबा, तिनं प्रेमानं पाठवलंय," असं त्याला सांगायची.

छातीतला तो लूम आई आणि चाची सोडून सगळ्यांनी हात ठेवून पाहिला होता. कारखान्यातले यूपीचे कामगार चहाला सुटले की दाराशी यायचे. "दिखाओ ना भाई, इसकी मशीन." एक जण डोळे मिटून हात ठेवायचा आणि म्हणायचा, "एकदम फुल स्पीड." दादाला त्याचा अभिमान वाटायचा. त्याला जगातलं फारसं काही ऐकू येत नव्हतं, पण हे त्याला हातानं, छातीनं कळायचं. शुक्रवारी, मागची भिंत गप्प असताना, तो पिल्लाला पोटाशी घेऊन बसायचा आणि म्हणायचा, "याला सुट्टी नाही."

त्याचं काही बरोबर नाही हे पहिल्यांदा आईच्या लक्षात आलं. "हे वाढत का नाही रे?" ती म्हणाली. त्याची भावंडं दादाला राहनाळला दिसायची, ती आता उंच, दांडगी झाली होती. हे अजून कुशीत मावायचं. मग खोकला सुरू झाला. कोरडा, घशात काहीतरी अडकल्यासारखा. आम्ही मध चाटवला. एक दिवस चेंडूमागे चार पावलं धावून ते आडवं झालं. पाय ताठ, जीभ निळसर. मी किंचाळले. दादाची पाठ होती, त्याला कळलंच नाही. मी त्याचा खांदा धरून वळवला. तो धावला तोपर्यंत पिल्लू उठून बसलं होतं आणि काहीच घडलं नसल्यासारखं त्याचा हात चाटत होतं.

गावात सरकारी जनावरांचा दवाखाना होता. तिथं मुख्यतः तबेल्यातल्या म्हशी यायच्या. डॉक्टर मध्यमवयीन, भल्या स्वभावाचे. दादानं मोठ्या उत्साहानं आधी तेच सांगितलं, "साहेब, याच्या छातीवर हात ठेवा. लूम आहे आत."

डॉक्टरांनी हसत हात ठेवला. त्यांचं हसू तसंच ओठांवर राहिलं आणि डोळे बदलले. त्यांनी नळी कानाला लावली. डाव्या बाजूनं ऐकलं. मग नळी सरकवत उजव्या बाजूला नेली आणि तिथं थांबले. बराच वेळ. पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे.

"काय म्हणतायत?" दादानं मला विचारलं. ते अजून काहीच म्हणाले नव्हते.

"ताई," डॉक्टर मला म्हणाले, "याचं हृदय उजव्या बाजूला आहे. असतं असं, फार क्वचित. नुसतं तेवढंच असतं तर तो पूर्ण आयुष्य जगला असता, कुणाला कळलंही नसतं. पण ही जी थरथर आहे ना, ती चांगली नाही."

त्यांनी नळी माझ्या कानाला लावली. मी आवाज ऐकला. आत वारा अडकल्यासारखा, वर जाणारा, खाली येणारा, पण न थांबणारा. मागच्या भिंतीला कान लावल्यावर जसं ऐकू येतं, अगदी तसा. डॉक्टर म्हणाले की पुस्तकातसुद्धा याला यंत्रासारखा आवाजच म्हणतात. आम्हीच त्याला लूम म्हणालो होतो. सगळी गल्ली हात ठेवून हसली होती.

"काय म्हणतायत?" दादानं पुन्हा विचारलं.

मला ते ओरडून सांगावं लागलं. म्हशी घेऊन आलेले लोक बघत होते. "हृदय उजवीकडं आहे! आणि आत दोष आहे! जन्मापासून!"

दादा आधी हसला. "उजवीकडं?" त्यानं पिल्लाच्या उजव्या बाजूला हात ठेवला. मग त्याला माझ्या तोंडाकडे बघून उरलेलं समजलं असावं. त्यानं हात काढला नाही, पण हसणं थांबलं.

डॉक्टरांनी मुंबईच्या जनावरांच्या मोठ्या इस्पितळात जायला सांगितलं. तिथं शिकवणारे एक सर्जन होते, त्यांच्या नावे चिठ्ठी दिली. चाचांचा टेम्पो ग्रे म्हणजे बिनधुतल्या कापडाचे तागे घेऊन मुंबईला जायचाच. त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, वाट वाकडी कर, पण यांना दारापर्यंत सोड. आम्ही ताग्यांच्या मध्ये बसलो. कोऱ्या कापडाचा, कांजीचा वास, आणि दादाच्या मांडीवर पिल्लू. वाटेत त्याला खोकला आला की दादा त्याला उभं धरायचा, उभं धरल्यावर त्याला बरं वाटायचं.

तिथं एक्स-रे काढला. काढणाऱ्या माणसानं फिल्म उजेडासमोर धरली, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाला, "उलटी लागली वाटतं," आणि पुन्हा काढला. दुसरीही तशीच आली. सर्जन आले, त्यांनी दोन्ही फिल्म पाहिल्या. तरुण होते, माझ्याहून थोडेच मोठे असतील. आम्हाला बसवून त्यांनी समजावलं. या पिल्लाचं सगळंच आरशात बघितल्यासारखं होतं. जठर उजवीकडे, यकृत डावीकडे, हृदय उजवीकडे. त्यातलं काही बिघडलेलं नव्हतं, फक्त बाजू बदलल्या होत्या. खरा दोष निराळा होता. आईच्या पोटात पिल्लू श्वास घेत नाही, म्हणून रक्त फुफ्फुसांना वळसा घालून जातं. त्यासाठी एक छोटीशी वाहिनी असते. जन्मल्यावर ती आपोआप मिटते. याची मिटलीच नाही. रक्त गोल गोल फिरून तिथूनच पुन्हा जात होतं आणि हृदय त्या ओझ्यानं फुगत चाललं होतं.

"थरथर त्याची," ते म्हणाले.

मी विचारलं, औषध आहे का? ते म्हणाले, खोकला कमी होईल, फुफ्फुसातलं पाणी उतरेल, पण वाहिनी मिटणार नाही. ती बांधावी लागते. छाती उघडून. "मी अशा शस्त्रक्रिया केल्या आहेत, थोड्या. सगळे वाचले नाहीत. आणि हे उलटं आहे, ते मी कधी केलेलं नाही. काहीच केलं नाही तर तो वर्षाचा होणार नाही. घरी जा, विचार करा. मी घाई करत नाही."

घरी आल्यावर आई म्हणाली, "नका कापू रे त्याला. जेवढे दिवस आहे तेवढे दिवस आपल्याजवळ सुखानं राहू दे." हे ती दादासमोर बसून, त्याला तोंड दिसेल असं, सावकाश बोलली. मला तिचंच पटत होतं. पिल्लू औषधानं जरा बरं होतं, दारात उन्हाला बसलं होतं.

दादानं दारातल्या पिल्लाकडे पाहिलं. मग म्हणाला, "माझ्या कानाचं ऑपरेशन करा म्हणाला होता ना तो कल्याणचा डॉक्टर? मी सहावीत होतो तेव्हा."

आईनं मान हलवली.

"तुम्ही घाबरलात. पुढच्या वर्षी बघू म्हणालात. माझं राहिलं, आई. याचं राहायला नको."

तो रागानं बोलला नव्हता. पण आवाज नेहमीसारखाच मोठा होता, आणि तो भिंतीपलीकडे, गल्लीत, सगळीकडे गेला. आई तांदूळ निवडत होती. तिचे हात ताटात तसेच राहिले. मग तिनं ताट बाजूला ठेवलं, उठली, पिल्लाजवळ गेली. तोवर तिनं त्याला कधी हात लावला नव्हता. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "त्याला सांग, डॉक्टरांना हो म्हणावं."

ठरलेल्या दिवशी आम्ही पुन्हा ताग्यांत बसून गेलो. निघताना चाची दारापर्यंत आली. डोक्यावर पदर ओढून ती काहीतरी पुटपुटली आणि तिनं पिल्लाच्या दिशेनं हळूच फुंकर घातली. "जा बाबा. अल्ला तुला ठेवो." पिल्लानं तिच्याकडे बघून शेपूट हलवली.

त्याला आत नेताना दादाला दारापाशी थांबवलं. पिल्लू नेणाऱ्याच्या खांद्यावरून मागं बघत होतं. दादानं त्याला हाक मारली. त्या लांबलचक व्हरांड्यात ती हाक केवढी तरी मोठी झाली. बाकावर बसलेल्या एका बाईची मांजर पिशवीत दचकली. पिल्लाचे कान उभे राहिले. मग दार लागलं.

आम्ही बाकावर बसलो. दादा सारखा आपले हात पँटला पुसत होता. एकदा म्हणाला, "भूल दिल्यावर कळत नसेल ना काही?" मी मान हलवली. पुन्हा थोड्या वेळानं तेच विचारलं. मी पुन्हा मान हलवली.

दुपार उलटली तेव्हा सर्जन बाहेर आले. त्यांच्या तोंडावरचा मास्क गळ्यात होता. त्यांना बघून दादा उठला. त्यांना काही बोलावंच लागलं नाही. ऐकू न येणाऱ्या माणसाला चेहरे लवकर वाचता येतात. तो पुन्हा खाली बसला.

"वाहिनी सापडली होती," ते मला म्हणाले. "धागाही तिच्या खालून गेला होता. गाठ मारताना मागची बाजू फाटली. फार पातळ होती. रक्त थांबवता आलं नाही. फार पटकन झालं, ताई. त्याला काही कळलं नाही."

मी दादाच्या गुडघ्यावर हात ठेवला. काही सांगायची गरज नव्हती.

मग ते म्हणाले, "एक विचारायचं होतं. आत्ता विचारणं बरं नाही, पण नंतर विचारून उपयोग नाही. असं हृदय आम्ही कुणीच पाहिलेलं नाही. इथल्या मुलांना शिकवायला ते ठेवता आलं तर... तुमची परवानगी असली तरच. नसेल तर मी सगळं नीट शिवून देतो."

"काय म्हणतायत?" दादानं विचारलं.

मी त्याच्या कानाशी तोंड नेऊन हळू सांगितलं. त्याला समजलं नाही. मी जरा मोठ्यानं सांगितलं. तो माझ्या ओठांकडे बघत होता, पण माझे ओठ रडण्यानं वेडेवाकडे होत होते, त्यातून त्याला काही वाचता येत नव्हतं.

"काय? नीट बोल की!"

व्हरांड्यात माणसं होती. एक जण शेळी घेऊन बसला होता, ती पिशवीतल्या मांजराची बाई होती, शिकणारी मुलं येत-जात होती. मी ओरडले.

"काळीज! त्याचं काळीज ठेवून घेऊ का विचारतायत!"

शिकणारी दोन मुलं चालता चालता थांबली. मला आजही तो माझा आवाज ऐकू येतो. असं वाक्य कुणाला ओरडून सांगायची वेळ येऊ नये.

दादा सर्जनकडे बघत राहिला. मग त्यानं विचारलं, आणि त्याचाही आवाज तसाच सगळ्या व्हरांड्याला ऐकू गेला, "आणखी कुणाचं असं असलं, तर हे बघून ते वाचेल का?"

सर्जन आधी हो म्हणून मान हलवणार होते. मग थांबले. "सांगता येत नाही," ते म्हणाले. "पण आज आत काय दिसणार आहे ते मला माहीत नव्हतं. पुढच्या वेळी माहीत असेल."

हेही मी ओरडून सांगितलं.

"मग ठेवा," दादा म्हणाला. ते वळले तसा तो मागून पुन्हा बोलला, "नीट ठेवा."

त्यांनी पिल्लू पांढऱ्या कापडात गुंडाळून दिलं. छातीवर टाके होते, ते दिसू नयेत अशी घडी घातली होती. टेम्पो माल उतरवून रिकामा आला होता. ड्रायव्हरनं गुंडाळी पाहिली, मागचं फळकूट उघडून दिलं आणि वाटेत एकदाही हॉर्न वाजवला नाही. सकाळी ताग्यांत दाटीवाटीनं बसलो होतो, आता रिकाम्या टेम्पोत आम्ही दोघं एका कोपऱ्यात होतो. ठाणं मागं पडल्यावर दादा म्हणाला, "हलका झालाय गं." खरंच हलका लागत होता की त्याला तसं वाटत होतं, मला माहीत नाही. मी हातात घेऊन पाहिलं नाही.

आई दारात उभी होती. दूधभात कालवून ठेवला होता तिनं, परत आल्यावर त्याला भूक लागेल म्हणून. दादानं गुंडाळी तिच्या हातात दिली.

"काळीज तिथंच ठेवून आलो, आई," तो म्हणाला.

गल्लीतल्या बायांनी ते ऐकलं. दोघीतिघींनी डोळ्याला पदर लावला. माणूस दुःखात बोलतो तसं काहीतरी तो बोलला, असं त्यांना वाटलं. आईलाही तसंच वाटलं. मी तिला आत नेलं आणि खरं काय ते सांगितलं. ती खाली बसली. मग म्हणाली, "दिलं ते बरं केलं. त्याला निदान कुणी जपून ठेवील." आणि गुंडाळी मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली.

चाचांनी कारखान्याच्या मागे, पेरूच्या झाडाजवळ जागा दिली. दादा कुदळ घ्यायला गेला तर कामगार लूम सोडून बाहेर आले होते. "आप बैठो भाई, हम खोदते हैं," म्हणाले. दादाला ऐकू आलं नाही, पण त्यांनी त्याच्या हातातून कुदळ घेतली तेव्हा त्यानं ती सोडली. चाची लांब उभी होती. माती टाकून झाल्यावर तिनं आईला हाक मारली आणि दोघी बराच वेळ तिथंच उभ्या राहिल्या. काही बोलल्या का, मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी दादा शिफ्टला गेला. परत येताना गल्लीच्या टोकाशी तो थबकायचा. हाक मारायची सवय होती, तोंड उघडायचं आणि मिटायचं. मी खिडकीतून ते बघायचे आणि तो घरात यायच्या आत कामाला लागायचे. जेवताना तो आमच्यापेक्षा लवकर उठायचा. कुणी कामगारानं दुसरं पिल्लू आणून दिलं तर त्यानं ते प्रेमानं परत केलं. "चांगलं आहे," म्हणाला, "पण कुणा दुसऱ्याला दे."

आईनं मात्र एक गोष्ट केली. तिनं दादाला कल्याणला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. मीही गेले होते. डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की आता ऑपरेशनचा उपयोग नाही, फार वर्षं गेली. आई "बरं" म्हणाली. दादानं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि बाहेर येऊन तिला उसाचा रस पाजला. तिला कडेवर घेतल्यासारखं सांभाळून बसमध्ये चढवलं. त्या दिवसानंतर ती दोघं कानाविषयी बोलली नाहीत.

आई गेली तेव्हा नव्वदचं दशक सुरू झालं होतं. दादानं कारखाना सोडला, दापोड्याला एका गोडाऊनमध्ये माल चढवण्या-उतरवण्यावर देखरेखीचं काम धरलं. लग्न केलं नाही. माझं झालं, पण गावातच, त्यामुळे जाणं-येणं होतं. माझ्या नवऱ्यानं आग्रह धरून त्याला कानात घालायचं यंत्र आणून दिलं. तोपर्यंत तशी यंत्रं जरा बरी मिळायला लागली होती.

पहिल्यांदा ते घातलं तेव्हा आम्ही माझ्या घरी गॅलरीत बसलो होतो. मी हळू बोलले, "ऐकू येतंय?" तो दचकला. "अगं, ओरडतेस कशाला?" म्हणाला. आम्ही हसलो. पंखा ऐकू आला त्याला, कुकरची शिट्टी, शेजारचा रेडिओ. एकेक आवाज आला की तो मला विचारायचा, हे काय? मी सांगायचे. रस्त्यावर एक कुत्रा भुंकला. दादा उठून कठड्याशी गेला आणि तो गप्प होईपर्यंत तिथं उभा राहिला.

परत येऊन बसला, आणि कितीतरी वर्षांत पहिल्यांदाच खालच्या आवाजात बोलला.

"त्याचा आवाज कसा होता गं?"

मी आठवू लागले. खोकला आठवत होता. नळीतून ऐकलेलं ते आठवत होतं. पण भुंकणं? ते भुंकायचं कधी? दमायचं बिचारं. एकदोनदाच भुंकलं असेल, दारात मांजर आलं तेव्हा. मग त्याचं उंबऱ्यावर बसून वाट बघणं आठवलं.

"बारीक होता," मी म्हणाले. "फार भुंकायचा नाही तो. तुझी हाक आली की कुईं कुईं करायचा. तू टोकाशी असायचास, तिथपासून."

"तिथपासून?"

"हो. तू घरात येईपर्यंत."

दादानं मान हलवली. यंत्र कानातून काढलं, रुमालानं पुसलं आणि डबीत ठेवलं. मी चहा टाकायला आत गेले.